जुन्या दुहेरी सस्पेन्शनच्या सायकलीला टायर कोणते घ्यावेत?

प्रश्न : माझ्याकडे २००८ सालची २६ इंची माउंटन बाइक आहे. पुढे सस्पेन्शन फोर्क (धक्के शोषणारा चिमटा), मागे हवेचा शॉक (धक्के शोषणारी नळी) आणि दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. तिचे २.१ इंची टायर बाजूने तडकले आहेत. मुरमाड गाडीवाटा, पाणंद रस्ते आणि बालाघाटाचे चढउतार यांवर मी दर आठवड्याला सायकल चालवतो. माझे वजन ७४ किलो आहे. काट्यांमुळे सारखे पंक्चर होते. मित्र म्हणतात, २.४ इंची टायर बसवून ट्यूब काढून टाका. दुकानदार म्हणतात, नवी सायकल घ्या. आपला सल्ला काय?
— एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)

उत्तर : केवळ चाकाच्या मापापायी चांगली सायकल बदलू नये, असे मी आग्रहाने सांगेन. नव्या माउंटन बाइक २७.५ आणि २९ इंची चाकांकडे वळल्या आहेत हे खरे. तरी २६ इंची टायर आजही तयार होतात. निवड पूर्वीपेक्षा कमी झाली आहे आणि तालुक्याच्या ठिकाणी ते बहुधा मागवावे लागतात, इतकेच. मात्र मागवताना ‘२६ चा टायर’ एवढे सांगून भागत नाही. साध्या सायकलींना लागणारा २६ × १ ३/८ हा टायरही २६ इंचीच म्हणवला जातो, पण रिमवर तो जिथे बसतो तो व्यास ५९० मिलिमीटर असतो आणि आपल्या चाकाचा ५५९. आपल्या जुन्या टायरच्या बाजूवर ५४-५५९ अशा धर्तीचा आकडा उठवलेला सापडेल. त्यातील ५५९ ही संख्या ज्या टायरवर असेल, तोच आपल्या रिमवर बसेल.

आता रुंदीविषयी. मित्रांचा सल्ला आपुलकीचा असला, तरी २.४ इंच हे माप त्या काळच्या बहुतेक फ्रेमना झेपत नाही. टायर रुंद होतो तसा उंचही होतो, २.१ वरून २.४ वर गेल्यास रिमपासून त्याची उंची सुमारे साडेसात मिलिमीटरने वाढते. साध्या सायकलीत ही वाढ उभ्या उभ्या दिसून येते, पण दुहेरी सस्पेन्शनच्या सायकलीत मागचे चाक स्थिर नसते. शॉक पूर्ण दबला की चाक सीटखालच्या नळीच्या आणि पुढच्या डिरेलरच्या (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाच्या) दिशेने वर सरकते, आणि उभ्या सायकलीत पुरेशी वाटणारी जागा उतारावरच्या एखाद्या खड्ड्यात संपून जाते. म्हणून शॉकमधील हवा सोडून, सीट हाताने पूर्ण खाली दाबून, टायर आणि फ्रेम यांच्यात किती अंतर उरते ते आधी पाहावे. पुढच्या फोर्कचीही अशीच तपासणी करावी. बॉटम ब्रॅकेटपासून (पेडल जिथे फिरतात त्या सांध्यापासून) मागच्या ॲक्सलकडे (चाकाच्या आसाकडे) जाणाऱ्या दोन नळ्यांमध्ये टायरच्या प्रत्येक बाजूला निदान ६ मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत, आणि आपल्या भागात मी ८ ते १० धरतो. मांजरेच्या खोऱ्यातली काळी माती पहिल्या पावसानंतर टायरला अशी बिलगते, की नक्षी बुजते, चिखलाचा थर नळ्यांना घासू लागतो आणि शेवटी चाकच फिरेनासे होते. एकदा अशा पाणंदीतून मला सायकल खांद्यावर घेऊन बाहेर यावे लागले होते. घरी येऊन धुतली तेव्हा नळ्यांवरचा रंग खरवडून निघालेला दिसला. त्या चिखलावर कोणताही टायर उपाय नाही, तिथे जाणे टाळणेच योग्य.

रुंदीची दुसरी मर्यादा रिमची आहे. त्या काळच्या रिम आतून साधारणपणे १७ ते १९ मिलिमीटर रुंद असत. त्यावर फार रुंद टायर चढवला तर तो फुग्यासारखा गोल होतो आणि हवा कमी असताना वळणावर कडेला लोळतो. या सगळ्याचा विचार करता आपल्यासाठी २.२५ इंच हे माप मला योग्य वाटते. मागे जागा अपुरी पडली तर तिथे पुन्हा २.१ घ्यावा.

दोन्ही टायर सारखेच असावेत असे मुळीच नाही. मुरमावर सायकल घसरते ती छोटे खडे गोट्यांसारखे चाकाखाली फिरतात म्हणून, आणि पुढचे चाक घसरले तर स्वाराला सावरणे कठीण जाते. म्हणून पुढे कडेचे नॉब (रबराचे उंचवटे) ठळक, उंच आणि मऊ रबराचे असलेला टायर घ्यावा. मागे शॉकमुळे चाक जमिनीला धरून राहते, त्यामुळे मधली नक्षी बुटकी आणि जवळजवळ असलेला, थोड्या कठीण रबराचा टायर चालतो. तो चढावर हलका जातो आणि सावकाश झिजतो. मात्र मागच्या टायरच्या बाजू भक्कम असाव्यात. शॉक आहे म्हणून आपण दगडांवरून वेगाने जातो आणि बालाघाटातील धारदार खडक बाजूच चिरतो.

काट्यांचा त्रास मी जाणतो. वेडी बाभूळ बांधाबांधावर पसरली आहे आणि पावसाळा संपला की वाळलेले सराटे वाटेवर विखुरलेले असतात. तरीही रिमवर ‘ट्यूबलेस रेडी’ (ट्यूबशिवाय वापरता येण्याजोगी) असे लिहिलेले नसेल, तर ट्यूब काढू नये. जुन्या रिममध्ये टायरची कड अडकवून धरणारी बैठक नसते. कमी हवेत ती सुटून हवा एकदम निघून जाऊ शकते. त्यापेक्षा वॉल्व्हचा गाभा काढता येणारी ट्यूब घेऊन तिच्यात ६० ते ९० मिलिलिटर सीलंट (छिद्र आतून बुजवणारा द्रव) घालावे. काट्याचे बारीक छिद्र ते बुजवते. रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटून पडणाऱ्या जोडछिद्रावर मात्र त्याचा उपयोग होत नाही. उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी तपासावे.

ती जोडछिद्रे टाळायची तर हवा अचूक हवी. आपल्या वजनाला, ट्यूबसह, पुढे २८ ते ३० आणि मागे ३२ ते ३४ पौंड यांपासून सुरुवात करून पहा. पेट्रोलपंपावरच्या मशिनवर विसंबू नये, स्वतःचा गेज ठेवावा. सकाळी २५ अंशांत भरलेली ३० पौंड हवा दुपारी टायर ४५ अंशांवर तापला की सुमारे ३ पौंडांनी वाढते. हे ध्यानात घेऊन मेमध्ये भरताना थोडी कमीच ठेवावी.

बसवताना टायरवरील बाणाची दिशा पाहावी. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर मागच्या नळ्यांच्या आतल्या बाजूवर आणि सीटखालच्या नळीवर बोट फिरवून पाहावे. तिथे रबराचा काळा ओरखडा आढळला, तर तो टायर तसाच वापरू नये; लगेच एक माप खाली यावे.