स्मिअर पॉझिटिव्ह, जीनएक्सपर्ट निगेटिव्ह: आधी कल्चर

ताई, तुम्ही लिहिलंय की आईंच्या सीटीत दोन्ही फुप्फुसांत बारीक गाठी आहेत, थुंकीची स्मिअर (सूक्ष्मदर्शकाखाली जंतू बघायची तपासणी) पॉझिटिव्ह आणि जीनएक्सपर्ट (जंतूच्या जनुकांची तपासणी) निगेटिव्ह आलंय. टीबीची औषधं सुरू करायची की कॅन्सर समजून बायोप्सी, यावरून घरात दोन तट पडलेत. मी स्वतः टीबीसारख्याच दिसणाऱ्या एनटीएमच्या आजारातून गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हे दोन रिपोर्ट एकमेकांशी जुळत नाहीत, आणि मेख तिथेच आहे. स्मिअरमध्ये टीबीचा जंतू आणि त्याचे भाऊबंद, म्हणजे एनटीएम (टीबी न करणारे त्याच कुळातले जंतू), सारखेच दिसतात. जीनएक्सपर्ट मात्र फक्त टीबीचा ओळखतं. त्यामुळे आईंच्या बाबतीत एनटीएमची शंका घ्यायलाच हवी. माझी नुसती स्मिअर बघून सात महिने टीबीच्या गोळ्या दिल्या. खोकला हटेना, तेव्हा "औषधाला दाद न देणारा टीबी" म्हणू लागले. शेवटी कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघितल्यावर, मायकोबॅक्टेरियम एव्हियम हा एनटीएम निघाला.

कल्चर आणि जंतूची प्रजाती, दोन्ही मागून घ्या. सहा आठवडेही लागतात. हे जंतू मातीत आणि नळाच्या पाण्यात असतात, म्हणून थुंकीच्या एकाच पॉझिटिव्ह कल्चरवर निदान होत नाही. वेगवेगळ्या दिवशीच्या दोन नमुन्यांत तीच प्रजाती यावी लागते. थुंकी पडत नसेल तर ब्रॉन्कोस्कोपीत (श्वासनलिकेत दुर्बीण घालून) धुऊन काढलेल्या पाण्याचं एक कल्चर पुरतं. नमुना सकाळचा द्या, आणि त्याआधी नळाच्या पाण्यानं चूळ भरू नका.

कॅन्सरची भीती मी समजू शकते. एनटीएमची गाठही पेट स्कॅनमध्ये कॅन्सरसारखी चमकू शकते, त्यामुळे नुसत्या स्कॅनवरून काही ठरवू नका. बायोप्सी करायचीच ठरली तर आधीच सांगा: एक तुकडा फॉर्मलिनमध्ये न टाकता निर्जंतुक सलाईनमधून कल्चरला पाठवा. फॉर्मलिनमधल्या तुकड्यातून जंतू वाढत नाही. हे राहून गेलं तर पुन्हा सुई टोचायची वेळ येते.

औषध प्रजातीवर ठरतं. मला अझिथ्रोमायसिन, इथॅम्ब्युटॉल आणि रिफॅम्पिसिन होतं, आठवड्यातून तीन दिवस, कारण फुप्फुसात पोकळी नव्हती. कल्चर निगेटिव्ह आल्यावर पुढे आणखी बारा महिने. मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस निघाला तर उपचार अवघड, इंजेक्शनंही लागतात. गाठी लहान आणि त्रास कमी असेल तर काही जणांना नुसतं लक्ष ठेवूनही चालतं. पण आईंची स्मिअरच पॉझिटिव्ह आहे, त्यामुळे निदान पक्कं झाल्यावर थांबू नये, असं मला वाटतं. एकट्या अझिथ्रोमायसिनचा कोर्स मात्र कुणी दिला तरी घेऊ नका. जंतू त्याला सरावला की हातातलं मुख्य औषधच जातं.

इथॅम्ब्युटॉलनं डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो. मी रोज सकाळी एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरमधले रविवारचे लाल आकडे बघायची. ते फिके वाटले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

टीबी नाही हे नक्की होईपर्यंत मास्क राहू द्या. नंतर आईंची ताटवाटी वेगळी ठेवू नका, नातवंडांनाही दूर करू नका. एनटीएम सहसा माणसाकडून माणसाला होत नाही. प्रजातीचा रिपोर्ट हाती आला की लगेच कळवा, औषधांबद्दल तेव्हा नीट बोलू.