आधी उतरवा, मग बदला : व्हिडिओ डीव्हीडीवर राइट करताना येणाऱ्या अडचणी

वाचकांनी पाठवलेल्या या वेळच्या बहुतेक प्रश्नांमागे एकच गल्लत आहे. डिस्कवरची फाइल जशीच्या तशी उतरवून घेणं हे एक काम आणि ती डीव्हीडी प्लेअरला कळेल अशा रूपात आणणं हे दुसरं. पहिल्यात चित्राचा दर्जा तसूभरही घटत नाही. दुसऱ्यात दर वेळी थोडा घटतो आणि गेलेला परत मिळत नाही. त्यामुळे फाइल कन्व्हर्टरमध्ये टाकण्याआधी 'मीडियाइन्फो' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. आपल्याकडच्या पाल (भारतातली टीव्ही पद्धत) डीव्हीडीला सहसा लागतं ते असं : एमपेग-२ चित्र, ७२० बाय ५७६ आकार, सेकंदाला २५ फ्रेम आणि ४८ किलोहर्ट्झचा आवाज, तोही एसी-३, एमपी२ किंवा पीसीएम. यातलं जे आधीच जुळत असेल त्याला हात लावायचा नाही.

प्रश्न : २००३ सालच्या लग्नाच्या तीन व्हीसीडी आहेत. प्लेअरवर थोड्या अडखळत का होईना, चालतात. पण संगणकावर डॅट फाइल कॉपी करताना अर्ध्यात एरर येऊन सगळं थांबतं. तिन्हींची मिळून एक डीव्हीडी करायची आहे. (सांगली)

प्लेअरवर चालणारी डिस्क कॉपी का होत नाही, याचं कारण व्हीसीडीच्या रचनेत आहे. साध्या डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये (डिस्कवरच्या ठरावीक मापाच्या तुकड्यामध्ये) २०४८ बाइट माहिती असते आणि सोबत चूक दुरुस्त करणारी जादा माहिती असते. व्हीसीडीच्या चित्राच्या सेक्टरमध्ये ती दुरुस्तीची जागाही चित्रालाच दिलेली असते, म्हणून तिथे २३२४ बाइट मावतात. चरा पडलेला एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर प्लेअर तो सोडून पुढे जातो. सेकंदाला ७५ सेक्टर वाचले जातात, तेव्हा एखादा गेला तर पडद्यावर क्षणभर चौकोन उमटतात, एवढंच. विंडोज मात्र पहिल्याच न वाचलेल्या सेक्टरपाशी अख्खी कॉपी सोडून देतं.

म्हणून कॉपी-पेस्ट करूच नका. 'आयसोबस्टर' या खराब डिस्कवरची माहिती उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्क उघडा, एमपेगएव्ही फोल्डरमधल्या डॅट फाइलवर राइट क्लिक करा आणि फक्त एम२एफ२ व्हिडिओ फ्रेम गाळून काढण्याचा पर्याय निवडा. सरळ एमपीजी फाइल हाती येते. खराब सेक्टर आला की काय करायचं हे तो विचारतो. तेव्हा रिकामी जागा भरून पुढे जायला सांगा. ड्राइव्हचा वेग कमी ठेवता येत असेल तर ठेवा. एका ड्राइव्हवर जमलं नाही, तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर करून बघा. एका लेसरला न दिसणारा सेक्टर दुसऱ्याला दिसतो, असं पुष्कळदा होतं. डिस्क पुसायची ती मऊ सुती कापडाने, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसलं तर नवे चरे ट्रॅकच्या दिशेनेच पडतात आणि तेच सगळ्यात घातक. व्हीसीडीची आयएसओ प्रतिमा (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल) मात्र करू नका, कारण आयएसओत प्रत्येक सेक्टरचे २०४८ बाइटच बसतात. त्याऐवजी बिन आणि क्यू या प्रतिमेच्या फाइलींची जोडी करा.

आता डीव्हीडी. व्हीसीडीचं चित्र एमपेग-१, ३५२ बाय २८८, २५ फ्रेम असतं आणि डीव्हीडीच्या नियमांत हे चित्र जसंच्या तसं बसतं. न बसणारी एकच गोष्ट म्हणजे आवाज. तो ४४.१ किलोहर्ट्झचा असतो, डीव्हीडीला ४८ लागतो. तेव्हा 'डीव्हीडीस्टायलर' या डीव्हीडी बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टायटलच्या प्रॉपर्टीजमध्ये चित्रासाठी 'कॉपी' निवडा आणि आवाज तेवढा एसी-३, ४८ किलोहर्ट्झ करा. तिन्ही डिस्क तासातासाच्या असतील तर सगळं मिळून साधारण १.९ जीबी होईल. चित्र ७२० बाय ५७६ करून देतो असं सांगणाऱ्या दुकानात फाइल फुगवून मिळेल; नथीतला मोती आधी दिसत नसेल तर नंतरही दिसणार नाही.

प्रश्न : हँडीकॅमच्या लहान डिस्क (८ सेंटिमीटरच्या) कॅमेऱ्यात चालतात, पण संगणक त्यांना रिकाम्या म्हणतो आणि फॉरमॅट करू का विचारतो. (नाशिक)

फॉरमॅटला आधी 'नाही' म्हणा. डिस्क रिकामी नाही, ती फायनलाइझ केलेली नाही. रेकॉर्डिंग संपल्यावर डिस्कची अनुक्रमणिका आणि शेवटचा भाग लिहून ती बंद करावी लागते. ते झालेलं नसेल तर कॅमेऱ्याला स्वतःची डिस्क कळते, इतरांना कळत नाही. कॅमेरा चालू आहे हे तुमचं भाग्य. बॅटरीवर न ठेवता अडॅप्टर लावा, मेन्यूतून फायनलाइझ द्या आणि संपेपर्यंत कॅमेरा हलवू नका. मध्येच वीज गेली तर डिस्क हातची जाऊ शकते.

डीव्हीडी-आरडब्ल्यू (पुन्हा पुन्हा लिहिता येणारी डिस्क) असेल आणि व्हीआर मोडमध्ये (कॅमेऱ्यातच काटछाट करू देणाऱ्या पद्धतीत) रेकॉर्डिंग असेल तर आत नेहमीच्या व्हिडिओ टीएस फोल्डरऐवजी डीव्हीडी आरटीएव्ही नावाचा फोल्डर आणि त्यात एक मोठी व्हीआरओ फाइल दिसेल. तीही आतून एमपेग-२ च असते. संगणकावर उतरवून डीव्हीडीस्टायलरमध्ये घ्या, पुन्हा एन्कोड करू नका, म्हणजे चित्र नव्याने दाबून बदलू नका. आणि ही लहान डिस्क ट्रे असलेल्या ड्राइव्हमध्येच ठेवा. फटीतून आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती अडकते. कॅमेरा बंद पडलेला असेल, तर आयसोबस्टर फायनलाइझ न केलेल्या डिस्कवरचाही व्हिडिओ शोधू शकतो, पण त्यासाठी ड्राइव्हनेही साथ द्यावी लागते.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनाचं ३ तास १० मिनिटांचं रेकॉर्डिंग मोबाइलवर आहे, एमपी४, जवळपास ७ जीबी. एका डीव्हीडीवर बसवायचं आहे. एकदा करून पाहिलं. सुरुवातीला ठीक, पण शेवटच्या नाटुकलीपर्यंत आवाज आणि ओठ यांत दोनेक सेकंदांचं अंतर पडलं. (डोंबिवली)

दोन वेगळे प्रश्न आहेत. आवाजाचा आधी घेऊ.

सुरुवातीला जुळतो आणि हळूहळू सुटत जातो, ही खूण लक्षात ठेवा. सुरुवातीपासून सारखंच अंतर असतं तर आवाज तेवढा पुढेमागे सरकवून भागलं असतं. इथे कारण मोबाइल आहे. उजेड कमी झाला की बरेच मोबाइल फ्रेमचा वेग आपोआप उतरवतात. रंगमंचावर दिवे मंदावले की तिसाचे चोवीस-पंचवीस, दिवे आले की पुन्हा तीस. मीडियाइन्फोत फ्रेम रेट मोडपुढे 'व्हेरिएबल' दिसेल. काही कन्व्हर्टर प्रत्येक फ्रेमची वेळ न बघता सगळ्या फ्रेम सारख्या अंतरावर आहेत असं धरून चालतात. आवाज मात्र स्वतःच्या गतीने धावतो, आणि अंतर वाढत जातं.

उपाय : फाइल आधी 'हँडब्रेक' या कन्व्हर्टरमध्ये घ्या. व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेम रेट २५ आणि त्याखाली 'कॉन्स्टंट' निवडा. क्वालिटी आरएफ (आकडा जितका कमी तितका दर्जा चांगला) १६ च्या आसपास ठेवा. फाइल मोठी होईल, होऊ द्या, ती मधली पायरी आहे. मग हीच फाइल डीव्हीडीस्टायलरला द्या. सगळं करण्याआधी शेवटची पाच मिनिटं व्हीएलसीमध्ये बघून घ्या. पहिली पाच बघून काहीच कळत नाही.

आता जागा. एमपी४ किती जीबीची आहे याचा डीव्हीडीशी संबंध नाही, संबंध फक्त वेळेचा. एका थराच्या डिस्कवर ४.७ अब्ज बाइट मावतात (विंडोज तेच ४.३७ जीबी दाखवतं, कमी दिलेलं नसतं). त्याचे बिट होतात ३७,६०० मेगाबिट. तुमचे ११,४०० सेकंद. भागाकार ३.३ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, म्हणजेच बिटरेट). त्यातून आवाजाचे ०.१९ आणि चित्र-आवाज एकत्र बांधण्याचे चार-पाच टक्के काढा, चित्राला ३ सुद्धा पुरते उरत नाहीत. पूर्ण आकाराच्या चित्राला एवढं कमी पडतं. रंगीत झगमगाटात नाचणाऱ्या मुलांचे चेहरे चौकोनांत फुटतील. एकाच डिस्कचा हट्ट असेल तर आकार ३५२ बाय ५७६ घ्या. तोही डीव्हीडीला मान्य आहे, चित्र थोडं मऊ दिसेल पण फुटणार नाही. आमचा स्पष्ट सल्ला दोन डिस्कचा आहे. मध्यंतरापाशी तोडा. ९५ मिनिटांना चित्रासाठी ६ एमबीपीएस सहज मिळतात. दोन थरांची ८.५ जीबीची डिस्क महाग पडते आणि बऱ्याच जुन्या प्लेअरना थर बदलताना अडचण येते, त्यामुळे पालकांना वाटायच्या प्रतींसाठी ती नको.

प्रश्न : मिनीडीव्ही टेप फायरवायरने एव्हीआयमध्ये घेतली. संगणकावर छान दिसते. डीव्हीडी केल्यावर टीव्हीवर लेझीम खेळणाऱ्यांचे हात थरथरतात. (सोलापूर)

फील्डचा क्रम उलटा झाला आहे. या टेपवर सेकंदाला २५ पूर्ण चित्रं नसतात; सम रेषांचं अर्धं आणि विषम रेषांचं अर्धं अशी ५० अर्धी चित्रं असतात. प्रत्येक अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात आणि या पद्धतीला इंटरलेस्ड. डीव्ही टेपमध्ये खालचं अर्धं आधी येतं. सॉफ्टवेअरने वरचं आधी धरलं की हात दोन पावलं पुढे, एक मागे असा हलतो. स्थिर चित्रात काहीच कळत नाही आणि संगणकावरचे प्लेअर दोन्ही अर्धी मिसळून दाखवतात, म्हणून तिथे दोष लपतो.

एन्कोडरमध्ये स्रोत आणि परिणाम, दोन्ही ठिकाणी 'लोअर' किंवा 'बॉटम फील्ड फर्स्ट' ठेवा. एफएफएमपेग या कमांडने चालणाऱ्या कन्व्हर्टरचं पाल-डीव्हीडी टार्गेट वापरत असाल तर इंटरलेस्ड एन्कोडिंग वेगळं चालू करावं लागतं, ते आपोआप होत नाही. आडव्या हालचालीचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा आरडब्ल्यू डिस्कवर टाकून टीव्हीवर बघा, मग पूर्ण काम. आणि तोवर मूळ एव्हीआय पुसू नका. तासाला १३ जीबी जागा खाते खरी, पण टेप आणखी किती वेळा चालेल याचा भरवसा नाही.

प्रश्न : राइट केलेली डिस्क संगणकावर चालते, आजोबांच्या प्लेअरवर नाही. (पुणे)

प्लेअर काय म्हणतो त्यावर उत्तर ठरतं. 'नो डिस्क' म्हणत असेल तर डिस्क किंवा राइटिंगचा दोष : चांगल्या कंपनीची डीव्हीडी-आर घ्या, ४एक्स किंवा ८एक्सने राइट करा, डिस्क 'क्लोज' झाल्याची खात्री करा. डिस्क घेतो पण काही दाखवत नाही, तर एमपी४ फाइल तशीच डेटा म्हणून राइट झाली असावी, किंवा व्हिडिओ टीएस फोल्डर दुसऱ्या फोल्डरच्या पोटात गेला असावा. तो डिस्क उघडल्याबरोबर समोर दिसला पाहिजे. चालते पण शेवटी शेवटी अडकते, तर लक्षात घ्या की डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि कडेला लिखाण सगळ्यात कच्चं उतरतं. डिस्क ४.२ जीबीच्या पुढे भरू नका. ठरावीक जागीच, गर्दीच्या दृश्यात अडकते, तर बिटरेट उसळतोय : चित्राची कमाल मर्यादा नियमानुसार ९.८ एमबीपीएस आहे, पण घरी केलेल्या डिस्कला ८ वर बांधून घाला. कागदी स्टिकर लावला असेल तर डिस्क डुगडुगते. काढायला जाऊ नका, नवी राइट करा.

प्रश्न : उभा धरून काढलेला मोबाइल व्हिडिओ डीव्हीडीवर फारच बारीक दिसतो. (रत्नागिरी)

दिसणारच. रुंद पडद्याच्या डीव्हीडीत ७२० स्तंभांपैकी उभ्या चित्राच्या वाट्याला जेमतेम २२८ येतात, बाकी काळं. त्याला उपाय नाही. असे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर मूळ रूपातच ठेवा.

प्रश्न : मुंजीची डीव्हीडी भारतातून आली, इथल्या प्लेअरवर लागत नाही. रीजन कोड काढायचा का? (न्यू जर्सी)

घरी किंवा फोटोग्राफरकडे राइट केलेल्या डिस्कवर रीजन कोड (डिस्क कोणत्या देशांत चालावी हे ठरवणारा आकडा) बहुधा नसतोच. भारत ५ आणि अमेरिका १ हा भेद बाजारातल्या चित्रपटांच्या डिस्कचा. तुमची अडचण पाल आणि एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही पद्धत) यांची आहे : तिकडे ४८० रेषा आणि सेकंदाला २९.९७ फ्रेम लागतात.

संगणक दोन्ही चालवतो, त्यामुळे आधी 'मेकएमकेव्ही' या सॉफ्टवेअरने डिस्क न बदलता एमकेव्ही फाइलीत उतरवून ठेवा. नातेवाइकांना टीव्हीवर दाखवायचं असेल तर हँडब्रेकमध्ये 'बॉब' पद्धतीने डीइंटरलेस करून (प्रत्येक अर्ध्या चित्राचं एक पूर्ण चित्र करून) ५० फ्रेमचा एमपी४ करा आणि टीव्हीच्या यूएसबीला लावून बघा. डिस्कच हवी असेल तर क्रम चुकवू नका : आधी डीइंटरलेस करून ५० पूर्ण फ्रेम, मग ४८० रेषा, मग ५९.९४ फ्रेम, शेवटी पुन्हा इंटरलेस. डीइंटरलेस न करता रेषा कमी केल्या तर दोन अर्ध्या चित्रांची सरमिसळ होते आणि अक्षता उडताना प्रत्येक दाण्याला कंगव्यासारखे दाते दिसतात. ते दाते नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने निघत नाहीत. आवाजाला हात लावू नका. एकूण वेळ तेवढाच राहतो, मंगलाष्टकं जिथल्या तिथे येतील.