'यस्टरडे' आलं की 'हॅव' का जातं?

प्रश्न : ताई, मी मेलमध्ये 'आय हॅव सेंट द फाइल यस्टरडे' लिहिलं तर बॉसने 'हॅव' खोडलं. काम तर पूर्ण झालंय ना, मग परफेक्ट टेन्स का नाही चालत?

उत्तर : बॉसचं बरोबर आहे. शाळेत आपल्या डोक्यात बसवलेलं असतं की काम पूर्ण झालं की हॅव लावायचं, आणि सगळी गोची तिथेच होते, कारण 'आय सेंट' मध्येही काम पूर्णच झालेलं असतं की! खरा प्रश्न तुम्ही कुठल्या वेळेबद्दल बोलताय हा आहे. 'आय हॅव सेंट द फाइल' म्हणजे फाइल पाठवलीये, आता तुमच्याकडे आहे, बघून घ्या, सगळा रोख आत्तावर. 'यस्टरडे' म्हटलं की तुम्ही संपलेल्या दिवसात जाऊन बोलताय, मग साधा पास्ट. मराठीत 'मी कालच पाठवलीये' बिनधास्त चालतं, म्हणून आपल्याला त्यात काही खटकतच नाही.

'धिस मॉर्निंग' ची तर अजून मजा. सकाळी ११ वाजता 'आय हॅव हॅड टू कॉफीज धिस मॉर्निंग' ठीक, तेच संध्याकाळी सांगायचं तर 'आय हॅड', कारण सकाळ संपली.

माणसांचंही तसंच. आइनस्टाइन १९५५ मध्ये वारले, त्यामुळे 'आइनस्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन' कानाला विचित्र लागतं, पण 'प्रिन्स्टन हॅज बीन व्हिजिटेड बाय आइनस्टाइन' चालून जातं, कारण आता बोलणं प्रिन्स्टनबद्दल आहे आणि ते अजून जागेवर आहे. (मला हे उदाहरण भयंकर आवडतं, नियम पाठ करून असलं काही सुचत नाही.)

आणि हो, अमेरिकन लोक 'डिड यू ईट येट?' म्हणतात आणि ब्रिटिश बहुतेक वेळा 'हॅव यू ईटन येट?', दोन्ही बरोबर, पण 'हॅव' सोबत 'यस्टरडे' त्या दोघांनाही खटकतं.

प्रश्न : 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' यात नक्की काय चुकतं?

उत्तर : दोन गोष्टी. 'सिन्स' ला सुरुवात लागते, म्हणजे सिन्स २०१९, सिन्स मंडे, आणि किती काळ ते सांगायचं तर 'फॉर'. दुसरं, तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे म्हणून 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स'. आता इथे 'हॅव' च्या भीतीने कोणी 'आय वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' लिहितं, तर समोरच्याला वाटेल तुम्ही नोकरी सोडली. रेझ्युमेमध्ये हे फार बघायला मिळतं, आताच्या कंपनीबद्दल लिहिताना जपून.

प्रश्न : 'लेट्स डिस्कस अबाउट इट' चूक आहे का? सगळेच म्हणतात.

उत्तर : म्हणतात खरं, पण 'अबाउट' नको. 'टॉक अबाउट इट' आणि 'अ डिस्कशन अबाउट इट' बरोबर आहेत, त्यांचं बघून ते 'डिस्कस' ला चिकटलं. नुसतं 'लेट्स डिस्कस इट'. बोलताना निघून गेलं तर कोणी अडवणार नाही, लेखी मेलमध्ये मात्र काढा.