नीड फॉर स्पीड या कार रेसिंग गेम मालिकेचे जुने चाहते नव्या गेम्सवर एवढे नाराज का असतात?

नाराज आहोत, पण ग्राफिक्सवर नाही; ते दर वेळी सुधारतच गेले. ‘जुने लोक नुसते आठवणी काढून रडतात’ असं काही जण म्हणतात, त्यातही थोडं तथ्य आहे. माझी तक्रार एकच आहे: पूर्वी या गेममध्ये गाडी कमवावी लागायची.

या मालिकेतला 2005 चा मोस्ट वाँटेड बघा. सुरुवातीलाच रेझर हा प्रतिस्पर्धी रेसर तुमच्या बीएमडब्ल्यू एम थ्री जीटीआरमध्ये गडबड करून ठेवतो, ऐन रेसमध्ये ती बंद पडते आणि गाडी त्याच्या घशात जाते. तीच गाडी पळवून तो ब्लॅकलिस्टवर, म्हणजे शहरातल्या पंधरा नामचीन रेसर्सच्या यादीत, एक नंबरला जाऊन बसतो. तुम्हाला सुरुवात करायची पंधराव्या नंबरच्या सॉनीपासून. पुढच्याला नुसतं आव्हान देण्यासाठीसुद्धा ठरावीक रेस जिंकायच्या आणि पोलिसांना झुलवून बाउंटी, म्हणजे तुमच्या डोक्यावरचं इनाम, जमवायची. म्हणजे पाठलाग हा मधला विरंगुळा नव्हताच, त्याच्याशिवाय गाडं पुढे सरकायचं नाही. हीट, म्हणजे पोलिसांचा तुमच्यावरचा रोख, चढत गेली की समोर पोलिसांच्या कॉर्व्हेट, रस्त्यात काटेरी पट्ट्या, आणि अर्धा तास जमवलेली बाउंटी एका चुकीच्या वळणावर साफ. जिंकल्यावरही हरलेल्याची गाडी मिळेलच याची खात्री नसायची; बक्षिसांच्या सहा चिठ्ठ्यांमधून (मार्कर) दोन उचलायच्या, पिंक स्लिप, म्हणजे त्याच्या गाडीचा कागद, निघाली तर नशीब. (सायबर कॅफेत खेळणाऱ्यांचं दुःख आणखी वेगळं. आपल्याच प्रोफाइलवर कुणीतरी येऊन दोन जणांना हरवून गेलेलं असायचं!)

मग 2012 मध्ये क्रायटेरियन या स्टुडिओने त्याच नावाचा गेम काढला. चालवायला झकास, खोटं कशाला बोलू. पण तो निघाला बर्नआउटचा, म्हणजे त्यांच्याच दुसऱ्या रेसिंग मालिकेचा, धाकटा भाऊ. यादीत माणसंच नाहीत, दहा गाड्या. त्या दहा सोडल्या तर बाकीच्या शहरभर पंगतीत वाढून ठेवल्यासारख्या उभ्या. जवळ जा, बटण दाबा, गाडी तुमची. बॉडी किट नाही, स्टिकर नाही. रंग बदलायचा तर गॅरेजमधून गाडी सुसाट काढायची आणि जो रंग येईल तो मुकाट घ्यायचा. याच मालिकेतल्या अंडरग्राउंड 2 मध्ये तासन्‌तास निऑन आणि स्पॉयलर निवडत बसलेल्या माणसाला हे कसं पचणार?

त्यानंतरचा रायव्हल्स (2013) पीसीवरही सेकंदाला 30 फ्रेम्सला बांधलेला होता, त्याहून सफाईदार दिसणं नाहीच. 2015 चा गेम एकट्याने खेळायचा असला तरी इंटरनेट लागायचंच. ज्याच्याकडे नेट धड चालत नाही त्याने काय करायचं, याचा विचारच नाही.

पण खरा राग पेबॅकवर (2017). इंजिन सुधारायचं कसं? रेस जिंकल्यावर सुट्या भागांच्या तीन पत्त्यांतून एक उचला. नको असलेले पत्ते मोडून टोकन घ्या आणि जुगाराच्या मशीनसारखं चक्र फिरवा. पूर्वी पैसे साठवून टर्बो विकत घेत होतो, आता नशिबाने निघाला तर लावायचा. पिंक स्लिपमध्येही नशीब होतंच की, असं कुणी म्हणेल. पण तिथे आधी समोरचा हरवावा लागायचा आणि चिठ्ठी एकदाच उघडायची. इथे प्रत्येक सुट्या भागासाठी तेच. भरीस भर म्हणजे चोरीच्या मिशनमध्ये ऐन थराराच्या क्षणी गेम स्टीअरिंग तुमच्या हातातून काढून घेतो आणि चित्रफीत दाखवतो. मग मी खेळतोय कशाला?

हीट (2019) मात्र मला आवडला. दिवसाच्या रेसमधून पैसा, रात्रीच्या रेसमधून नाव. आणि रात्री पोलिसांनी धरलं की कमाईवर पाणी. घरी परतेपर्यंत जीव मुठीत. अनबाउंडमधले (2022) कार्टूनसारखे धुराचे लोट मला झेपले नाहीत, पण त्यात एका रेसला वाट्टेल तितक्या वेळा रीस्टार्ट मारता येत नाही, हे बरं केलं.

तुम्ही नव्याने सुरुवात करणार असाल तर हीट घ्या. कार्बन, अंडरकव्हर, द रन या मालिकेतल्या जुन्या गेम्सच्या मागे लागणार असाल तर ते 2021 मध्ये ऑनलाइन दुकानांतून काढून टाकलेत, तेव्हा जुन्या डिस्क विकणाऱ्यांकडे चौकशी करा.