ॲडव्हेंट कॅलेंडर घरी करताना आत काय घालावे, आणि काय मुळीच घालू नये

गोव्यात पर्वरीला नव्याने राहायला आलोय, मुले पाच आणि आठ वर्षांची आहेत, शाळेतून ॲडव्हेंट कॅलेंडरचे, म्हणजे १ डिसेंबरपासून नाताळापर्यंत रोज एक कप्पा उघडायच्या कॅलेंडरचे, खूळ घेऊन आली आहेत. ते घरच्या घरी कसे करायचे, चोवीस कप्प्यांत रोज काय घालायचे, खर्च किती येतो, आणि आपण ख्रिस्ती नसताना केलेले चालते का, असे तुम्ही विचारले आहे.

चालते. आमच्याकडे गणेशचवथीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, शेजारच्या ख्रिस्ती आंटीकडे जातात आणि नाताळला तिच्याकडून कोंसुआदीचा, म्हणजे नाताळच्या फराळाचा, ट्रे येतो, त्यात पुन्हा नेवऱ्या असतातच. इथे हा प्रश्न फार कोणाला पडत नाही. शिवाय हे कॅलेंडर गोव्याच्या ख्रिस्ती घरांतले पिढीजात काही नाही. मी आंटीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "आमकां खंयचें गो कॅलेंडर? आमकां गोठो आनी नखेत्र." म्हणजे येशूजन्माचा गोठ्याचा देखावा आणि चांदणीचा कंदील. तिच्या लेखी ॲडव्हेंट म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, चर्चमधल्या तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती, आणि फेस्ताच्या, म्हणजे सणाच्या, आधी थोडा धीर. तो पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमध्ये केव्हाही येतो. कॅलेंडरवाल्यांनी सोय म्हणून १ डिसेंबर धरला, इतकेच.

मूळ प्रथा जर्मनीतल्या प्रोटेस्टंट घरांतली, एकोणिसाव्या शतकातली. दारावर खडूने चोवीस रेघा ओढायच्या आणि मुलांनी रोज एक पुसायची. खर्च शून्य. पुढे म्युनिकच्या गेरहार्ड लांग नावाच्या माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापील कॅलेंडरे काढली. त्याला ती सुचली ती लहानपणी आईने पुठ्ठ्यावर खाऊ लावून करून दिलेल्या कॅलेंडरावरून. म्हणजे आधी आई, मग छापखाना. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आत काय घालायचे ते. यावर मला बोलायचेच आहे, कारण यावरून आमच्या घरात भांडण झालेले आहे आणि ते अजून मिटलेले नाही.

चॉकलेट घालू नका. छोटी खेळणी, स्टिकर, खोडरबर, यांतले काहीही बाजारातून आणून घालू नका. आणि दोन मुलांना दोन कॅलेंडरे तर अजिबात करू नका. घराला एक.

माझी नणंद दुबईला असते. मनाने चांगली, हात सढळ. एका नोव्हेंबरात ती आली ती आमच्या दोघा मुलांना दोन तयार कॅलेंडरे घेऊनच. वर बर्फातले गाव, चोवीस दारे, प्रत्येक दारामागे प्लास्टिकच्या साच्यात एक चॉकलेट. थोरलीने नेमाने रोज एक दार उघडले. धाकट्याने दारांना हातच लावला नाही. आम्हाला वाटले, पोर शहाणे आहे, साठवतेय. त्याने केले होते काय, तर खोक्याची खालची कड नुसती डिंकाने चिकटवलेली असते ती नखाने सोडवली, आतला अख्खा साचा बाहेर ओढला, सगळे फस्त केले, साचा परत सरकवला आणि कड थुंकी लावून दाबून ठेवली. वरची चोवीसच्या चोवीस दारे शाबूत. बातमी फोडली मुंग्यांनी. खिडकीच्या गजावरून फडताळापर्यंत रांग, आणि ती रांग बंद दारांच्या खोक्यात शिरतेय. गोव्यात राहायला आला आहात, तेव्हा हे आताच सांगते. इथे उघड्यावर गोड ठेवायचे म्हणजे मुंग्यांना आमंत्रण, मग ते दुबईचे असो की म्हापशाचे.

नणंद फोनवर हसली. "मूलच ते, खाणारच." त्याने खाल्ले याचे मलाही काही नव्हते, उलट त्याच्या डोक्याचे कौतुकच वाटले. माझे म्हणणे एवढेच होते की ज्या वस्तूत रोज एक दार उघडून एक गोळी तोंडात टाकण्यापलीकडे करण्यासारखे काही नाही, तिथे मूल दुसरे काय करणार? त्याने त्या खोक्याचा त्यातल्या त्यात हुशार उपयोग केला.

पुढच्या वर्षी आम्ही पुड्यांचे कॅलेंडर केले. त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला तर हिचा शेरा आला, "चिकटपणाला संस्कार म्हणायची फॅशन आली आहे. मुलांना रद्दीत काय गुंडाळून देता?"

रद्दी. ज्या माणसाने त्या पुड्या वळल्या तो तिचा बाप. माझ्या सासऱ्यांना घरात सगळे भाई म्हणतात. म्हापशात त्यांचा पसरा, म्हणजे किराण्याचे दुकान, होता, जिरे, मिरी, सोले, चहापत्ती, सगळे सुटे. तिच्या कॉलेजची फी त्या पुड्यांतून आली, आमच्या घराचे वरचे छप्पर त्या पुड्यांतून आले. ती बाई लिहिते रद्दी.

तर ती पुडी कशी होते ते सांगते, म्हणजे तुमच्या प्रश्नाचे एक उत्तर तरी नीट होईल. वर्तमानपत्राचे मोठे पान घ्या, त्याचे आठ सारखे तुकडे करा. तीन पानांत चोवीस होतात, एक कपटा वाया जात नाही. तुकडा डाव्या तळव्यावर तिरपा ठेवायचा, उजव्या हाताने कोपरा आत वळवत शंकू करायचा, टोक दाबून दुमडायचे. आत जे घालायचे ते घातले की वरचे दोन कान आत, तिसरा त्यांच्यावर, आणि उरलेले टोक घडीत खोचायचे. भाईंची पुडी दोऱ्याशिवायही सुटत नाही. पण दोरा बांधण्यातच मुलांना खरी मजा. पसऱ्यात दोऱ्याचा गुंडा छपराला टांगलेला असायचा. दोरा खाली ओढायचा, पुडीला आडवे दोन फेरे, उभा एक, गाठ, आणि मग दोरा बोटाभोवती अडकवून एक झटका. कात्री नाही, दात नाही, टक् करून तुटतो. थोरलीला तो झटका जमेपर्यंत तिने अर्धा गुंडा संपवला आणि बोटाला वळ उठवून घेतले. धाकटा अजून दातच लावतो.

पुड्यांवर लाल पेन्सिलीने आकडे घाला, एक सुंभ खिडकीच्या एका गजापासून दुसऱ्यापर्यंत ताणा, त्यावर ओळीने बांधा. झाले कॅलेंडर. विषम तारखा एकाच्या, सम दुसऱ्याच्या, म्हणजे मारामारी नाही.

आत चिठ्ठी. चिठ्ठीत त्या दिवशी करायचे एक काम किंवा खेळ, आणि त्यात घरातले किंवा शेजारचे दुसरे कोणीतरी लागलेच पाहिजे. माझा नियम हा एकच. गोव्याचा डिसेंबर त्याला फार सोयीचा आहे. ३ तारखेला जुन्या गोव्याचे सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त, सुट्टी असते, चिठ्ठीत "फेस्ताचे खाजे आणायला कोण येणार?" गर्दीची भीती वाटत असेल तर आदल्या आठवड्यात नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, चालू असताना संध्याकाळी जाऊन या, खाज्याचे स्टॉल तेव्हाही असतात. त्यानंतरच्या एखाद्या रविवारी माळ्यावरचा दिवाळीचा कंदील खाली काढायचा. बांबूच्या कामट्या त्याच, जुना कागद ओला करून सोलायचा, कामट्या सोडवून पाच टोकांत बांधायच्या आणि नवा पतंगाचा कागद लावायचा. नखेत्र तयार. बाजारात तेच प्लास्टिकचे मिळते, आणि एका डिसेंबरात त्याचा रंग उडतो.

माझी आवडती पुडी १४ तारखेची. तिच्यात चिठ्ठीबरोबर मूठभर नाचणी. रात्री भिजत घालायची, सकाळी पसरट ताटलीत मातीवर दाट पेरायची, रोज पाण्याचा हबका मारायचा, उन्हाच्या झळीत ठेवायची नाही. २४ पर्यंत बोटभर हिरवेगार उभे राहते. आंटीच्या गोठ्यात शेत म्हणून हीच ताटली जाते. तिची मुले परदेशात, तिला आता वाकून पेरायला होत नाही. आमचा धाकटा ताटली दोन्ही हातांत धरून तिच्या पायऱ्या चढतो तेव्हा त्याला वाटेत कोणी काही विचारलेले चालत नाही.

१९ ची पुडी भाईंची. त्यात त्यांच्या जुन्या गल्ल्यातले एक इश्कुदाचे नाणे असते, १९५९ चे, पोर्तुगीज राज्याच्या ढालीचे. चिठ्ठी अशी, "हे नाणे ज्याचे आहे त्याला विचार, ते चालायचे कधी बंद झाले." मग भाई १९६१ चा डिसेंबर, गोवा मुक्त झाला तो, सांगतात. ते तेव्हा शाळकरी. दुकानाला फळ्या लावून सगळ्यांना आतल्या खोलीत बसवले होते, नुसते आवाज ऐकू येत होते, आणि त्यांना काळजी होती ती बाहेर राहिलेल्या मांजराची. दरवर्षी तीच गोष्ट, आणि दरवर्षी मुले मांजराचे पुढे काय झाले तेच विचारतात. नाणे रात्री परत डब्यात. देऊन टाकलेले नाही, हे मुलांना पक्के ठाऊक आहे.

विसाच्या पुढच्या पुड्यांपैकी एक कुलकुलांची. आंटीकडे हात धुवून जायचे, पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर दाबून वळायची. मुलांची कुलकुले जाड होतात आणि आत कच्ची राहतात, म्हणून ती आंटी वेगळी काढून मंद आचेवर तळते. ती ओळखूही येतात आणि आधी संपतातही.

अर्ध्या चिठ्ठ्या मुलांना लिहू द्या, मोठ्यांसाठी. लहान्याला लिहिता येत नसेल तर चित्र काढेल. थोरलीने एकदा लिहिले होते, "आज भाईंनी बलकांवात दुकान लावायचे." बलकांव म्हणजे घरापुढचा ओटा. भाईंनी लावले. तराजू नव्हता, तर हातानेच वजन करून पाने, खडे आणि बिंबली विकली, प्रत्येकाला पुडी बांधून. शेजारची पोरे जमली. हिशेबात धाकट्याने भाईंना फसवायचा प्रयत्न केला आणि भाईंनी त्याला उधारीच्या वहीत घातले. या एका संध्याकाळसाठी दुबईहून काय आणता आले असते, ते नणंदेने मला सांगावे. ती इथली उत्तरे वाचते, मला माहीत आहे.

तिचे दुसरे म्हणणे असे की नोकरी करणाऱ्या आईला रोज एक उद्योग कुठून परवडणार, तयार आणले की सुटका. मीही नोकरी करते. सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या नसाव्यात, एवढेच. "आज आधी सोलकढी, मग भात." "आज जेवताना फक्त खाणाखुणा." याला पाच मिनिटेही लागत नाहीत. परीक्षा, पाहुणे, ताप अशा दिवशी पुडी बदलून ठेवायची, मुलांना पत्ता लागत नाही. आणि तयार कॅलेंडराने सुटका कशी होते ते मुंग्यांनी दाखवले आहेच. शेवटी हा लांगच्या आईचाच धंदा, मी फक्त पुठ्ठ्याच्या जागी भाईंचा कागद घेतला. एकोणिसाव्या शतकापासूनचा इतिहास माझ्या बाजूने आहे.

खर्च म्हणाल तर दोरा, सुंभ, नाचणी आणि खाजे. खाज्याचेच काय ते पैसे.

काही गोष्टी राहिल्या. वर्तमानपत्रात सुटा खाऊ गुंडाळू नका, छपाईची शाई पोटात जाते, अन्नसुरक्षा खात्यानेही तसे बजावले आहे. खायचे घालायचेच असेल तर आधी साध्या पांढऱ्या कागदात, आणि त्याच सकाळी घाला. भाईंच्या पसऱ्यात तेव्हा सगळेच वर्तमानपत्रात जायचे, ते सोडा. घरात रांगते मूल असेल तर नाणे, बिया, दोऱ्याचे तुकडे खाली राहू देऊ नका. सुंभ गॅसपासून आणि देव्हाऱ्यातल्या समईपासून लांब बांधा. आणि तुमची आत्या, मावशी कोणी प्रेमाने तयार कॅलेंडर आणलेच, तर ते नाकारून घरात वाद घालू नका. घ्या, खालची कड आधी चिकटपट्टीने बंद करा आणि फ्रीजमध्ये ठेवा.