स्प्रिंग एअर रायफलीवर पहिला स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, कोणता घ्यावा? शिकारीच्या रायफलीचा जुना स्कोप चालेल का, आणि घरी बसवता येतो का?

तुम्ही लिहिलंय की .177 ची (.177 इंच व्यासाच्या नळीची), नळी मोडून भरायची स्प्रिंग रायफल नवीन घेतली आहे, मुळशीकडच्या शेतावर टार्गेटचा सराव करायचा आहे आणि काकांच्या परवान्याच्या रायफलीवरून उतरवलेला 3-9x40 (3 ते 9 पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग 40 मिमीचं) स्कोप घरात पडून आहे. तोच चढवावा का, नवा घ्यायचा तर कोणता, आणि बसवायला कुणाकडे जावं लागेल का, हे तुम्हाला हवंय.

काकांचा स्कोप चढवू नका, कितीही चांगल्या कंपनीचा असला तरी. काडतुसाच्या रायफलीचा धक्का मोठा असतो, पण तो येतो मागे, आणि त्या स्कोपची आतली बांधणी तेवढ्यासाठीच केलेली असते. स्प्रिंग रायफलीत ट्रिगर दाबला की पिस्टन पुढे धावतो, त्यामुळे रायफल आधी मागे सरकते. मग पिस्टन सिलिंडरच्या टोकाला थडकतो आणि अख्खी रायफल झटक्यात पुढे खेचली जाते. हा उलटा झटका साध्या स्कोपला सोसत नाही. आतली भिंगं सैल होतात, क्रॉसहेअर (नेमाच्या आडव्या-उभ्या रेघा) तिरकी होते, किंवा बाहेरून सगळं ठीक दिसतं पण नेम रोज थोडा वेगळीकडे जातो. म्हणून स्कोप स्प्रिंग एअर रायफलीसाठी चालतो असं कंपनीने स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. दुकानदार तोंडी सांगतो त्यावर जाऊ नका.

दुसरं कारण पॅरलॅक्सचं, म्हणजे डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसण्याचं. रायफल टेकवून स्थिर ठेवा आणि स्कोपमधून बघताना फक्त डोकं किंचित डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर टार्गेटवर तरंगल्यासारखी सरकली की समजा त्या अंतराला पॅरलॅक्स आहे. शिकारीच्या रायफलींचे साधे स्कोप बहुधा 100 यार्डांना जुळवून येतात. तुम्ही मारणार 10 ते 25 मीटरवर. तिथे चित्रही धूसर दिसतं आणि गाल दस्त्यावर जरा वेगळा टेकला की पेलेट (छर्रा) वेगळीकडे लागते. नव्या माणसाचा गाल रोज त्याच जागी टेकत नाहीच, त्यामुळे हा दोष त्याला जास्त छळतो. पुढच्या भिंगाभोवती किंवा बाजूला अंतर जुळवायची रिंग असलेला, 10 यार्डांपर्यंत खाली येणारा स्कोप शोधा.

मॅग्निफिकेशनच्या मागे लागू नका, हे अगदी मनापासून सांगतो. 6-24x50 बघितला की हात शिवशिवतात, पण 24 पटीला तुमच्या हाताची थरथरही 24 पट दिसते आणि टार्गेट शोधण्यातच वेळ जातो. शिवाय पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो: 40 मिमीच्या भिंगाला 4 पटीवर 10 मिमी, 9 पटीवर जेमतेम साडेचार. वर्तुळ लहान झालं की डोळा अचूक जागी ठेवावा लागतो, नाहीतर कडेने काळी सावली येते. तुमच्या अंतराला अंतर जुळवता येणारा 3-9x40 भरपूर झाला. साधा एअरगनचा 4x32 घेतलात तरी सुरुवातीला काही अडत नाही.

वाचलेले पैसे माउंटवर घाला, म्हणजे स्कोप रायफलीला धरून ठेवणाऱ्या पकडीवर; तिच्या कड्यांना रिंग म्हणतात. माझ्या बघण्यात नवशिक्यांच्या बहुतेक तक्रारी, म्हणजे ‘काल नीट लागत होतं, आज नाही’, या स्कोपच्या नसतात, माउंटच्या असतात. आधी रायफलीच्या पाठीवरची खाच बघा. एअर रायफलीवर बहुतेक वेळा 11 मिमीची डव्हटेल (तिरक्या कडांची अरुंद पट्टी) असते, काडतुसाच्या रायफलीवर सहसा वीव्हर किंवा पिकाटिनी नावाची रुंद रेल, त्यामुळे काकांचे रिंग तुमच्या रायफलीवर बहुधा बसणार नाहीत. नळकांडं 1 इंचाचं की 30 मिमीचं तेही मोजा, रिंग त्याच मापाचे लागतात. स्प्रिंगरला (स्प्रिंग रायफलीला) दोन सुट्या रिंगांपेक्षा एकसंध माउंट घ्या, आणि त्याला खाली स्टॉप पिन हवी. रायफल पुढे झटकली की स्कोप जागीच राहू बघतो, म्हणजे रेलवर तो मागे, तुमच्या डोळ्याकडे सरकतो. रेलच्या मागच्या भागात यासाठी बहुतेकदा भोक दिलेलं असतं, त्यात ही पिन उतरते. आधीच काही दिवस माउंट वापरलेला असेल तर तो काढून रेलकडे टॉर्चने निरखून बघा. काळा रंग खरवडून बारीक चकचकीत पट्टा उमटला असेल तर माउंट सरकतोय.

बसवणं घरी होतं, कुणाकडे जायला नको. पुण्यात बोहरी आळीत एलन कीचा (षटकोनी चावीचा) सेट, छोटी पाणसळ आणि गवंड्याचा ओळंबा सगळं मिळेल. रायफल रिकामी आहे हे नळी उघडून डोळ्यांनी बघा, मगच कामाला लागा. रेल आणि रिंगची आतली बाजू स्पिरिटने पुसून कोरडी करा, तेलाचा ओशटपणा राहिला की पकड गेली. माउंट चढवा, पिन भोकात बसवा, बाजूचे स्क्रू आवळा. स्कोप खालच्या अर्ध्या रिंगांवर ठेवून वरच्या पट्ट्या हलक्या लावा, स्कोप हाताने फिरेल आणि सरकेल इतपतच.

आता डोळ्याचं अंतर. नेहमीसारखी रायफल खांद्याला लावा, डोळे मिटून गाल आरामात टेकवा आणि मग डोळा उघडा. चित्र पूर्ण गोल दिसेपर्यंत स्कोप पुढे-मागे करा. हे सर्वांत जास्त पटीवर करा, कारण तिथेच चूक खपत नाही. बहुतेक स्कोपना हे अंतर 8-9 सेंटीमीटर लागतं.

मग क्रॉसहेअर उभी करायची. आठ-दहा मीटरवर ओळंबा टांगा, वारा नको. रायफल उशांवर ठेवून रेलवर आडवी पाणसळ ठेवा आणि बुडबुडा मध्ये आणा. आता स्कोपमधून बघत, नळकांडं केसभर फिरवत, क्रॉसहेअरची उभी रेघ दोरीवर तंतोतंत आणा. दोरी रेघेमागे लपली की झालं. ही रेघ तिरकी राहिली तर एका अंतरावर झिरो केलेली (नेम आणि पेलेट एकाच जागी जुळवलेली) रायफल दुसऱ्या अंतरावर बाजूला मारते आणि कारण सापडत नाही.

वरच्या पट्ट्यांचे स्क्रू कोपऱ्या-कोपऱ्याने, पाव-पाव फेरा देत आवळा. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात घातला तर जुळवलेली रेघ फिरते. पट्टीच्या दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. घडी केलेला कागद घालून तपासता येतं. जोर साधारण 2 न्यूटन मीटर पुरतो, म्हणजे एलन कीची आखूड बाजू बोटांत धरून जेवढं आवळलं जाईल तेवढं. लांब बाजूने दाबलंत तर नळकांडं चेपेल. माउंटच्या स्क्रूंना निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) थेंबभर लावा, लालच्या वाटेला जाऊ नका, तो स्क्रू कायमचे धरतो.

झिरो करताना आधी 10 मीटरवर कागदावर या, मग 25 वर पक्कं करा. एकच पेलेट, एकच डबा. एका खुणेवर पाच मारा, त्या पाचांचा मध्य बघा आणि मगच टरेट (स्कोपवरची नेम सरकवायची चकती) फिरवा. प्रत्येक पेलेटमागे टरेट फिरवणारा माणूस दिवसभर गोल गोल फिरतो. बहुतेक टरेटचा एक क्लिक पाव मिनिटाचा (हे मिनिट वेळेचं नाही, कोनाचं: अंशाचा साठावा भाग) असतो, म्हणजे 100 मीटरला सुमारे 7 मिमी, 25 मीटरला दोनच्या आत, 10 ला जेमतेम पाऊण. त्यामुळे 10 मीटरवर 3 सेंटीमीटर हलवायला चाळीसेक क्लिक लागले तर टरेट बिघडलाय असं समजू नका.

अजून एक गोष्ट नव्या माणसाला चक्रावते. 25 ला झिरो झालेली रायफल 10 मीटरवर वर नाही, सेंटीमीटरभर खाली मारते. स्कोप नळीच्या चार-पाच सेंटीमीटर वर बसलेला असतो आणि पेलेटला खालून त्या रेषेपर्यंत चढायला अंतर लागतं.

टरेट वर संपेपर्यंत फिरवूनही पेलेट खालीच लागत असेल तर दोष तुमचा नाही. मोडत्या नळीच्या रायफलींत नळी मुळातच किंचित खाली झुकलेली असणं नेहमीचं आहे. त्यासाठी मागून उंच असलेले माउंट मिळतात, तो घ्या. आणि स्प्रिंगर घट्ट आवळून किंवा टणक टेबलावर टेकवून मारू नका. पुढचा हात उघडा ठेवून त्यावर रायफल नुसती विसावू द्या, तिला हवा तसा धक्का घेऊ द्या. ग्रुप, म्हणजे पेलेटच्या भोकांचा पसारा, लगेच लहान होतो.

तुमचा रोख स्पर्धेकडे असेल तर मात्र थांबा. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीचा स्कोप चालत नाही. 2024 ला पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशन्सचं ब्राँझ जिंकलं ते पीप साइटवर, म्हणजे भिंगाशिवायच्या बारीक भोकातून नेम धरून. तशी इच्छा असेल तर पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजवर जाऊन आधी चौकशी करा, स्कोपचे पैसे कोचिंगला लावा.

शेतावर मारताना मागे मातीचा उंच बांध हवाच. .177 ची पेलेट चुकली तर दोनशे मीटरपलीकडे जाऊ शकते आणि डोळा घालवायला तेवढं पुरतं. सोसायटीच्या गच्चीवर तर विचारही नको. नळीतून सुटताना पेलेटची ऊर्जा 20 जूलच्या आत असलेल्या .177 ला शस्त्र परवाना लागत नाही, पण पक्ष्यांवर किंवा प्राण्यांवर ती रोखायची नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा एअरगनलाही लागू आहे. रानडुकरांचा त्रास असेल तर पिकाच्या भरपाईसाठी वनखात्याकडे अर्ज करा. या पेलेटने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन दिवसेंदिवस तडफडतं.

पहिला डबा संपला की सगळे स्क्रू एकदा तपासा, सुरुवातीला ते थोडे बसतात. आणि पावसाळ्यात रायफल फोमच्या बंद पेटीत ठेवून देऊ नका. मुळशीच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, म्हणून ती कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आणि कुलपात ठेवा.