एफडी भरपूर, मग संस्था ठणठणीत?

प्रश्न: आमची नाशिकच्या इंजिनिअर लोकांची संस्था, पब्लिक ट्रस्ट म्हणून रजिस्टर आहे. खजिनदार म्हणतात बँकेत भरपूर एफडी आहेत, काळजी नको. खरंच का?

उत्तर: अहो, एफडी कशाच्या पैशाची ते आधी बघा ना! आजीव सभासदाची वर्गणी एकदाच येते आणि सेवा मात्र जन्मभर द्यायची, त्यातूनच पगार-लाइटबिल भागत असेल तर अवघड आहे. महाराष्ट्राच्या पब्लिक ट्रस्टसाठीच्या १९५० च्या कायद्याने ऑडिट रिपोर्ट धर्मादाय आयुक्तांकडे द्यावाच लागतो, त्यातलं शेड्यूल ८ म्हणजे ताळेबंद आणि ९ म्हणजे उत्पन्न-खर्च, तीन वर्षांचे मागून घ्या, देणग्या बाजूला काढा आणि नुसती वार्षिक वर्गणी अन् व्याज यात रोजचा खर्च निघतो का बघा. खजिनदार चिडले तर चिडू देत, सभासद आहात तुम्ही.